आई-बाबांना आणि मुलांना घेऊन पम्पकिन फार्मला जायचंय, शिकागोच्या आसपास कुठे आणि कसं जावं?

केवड्याचं_पान

नमस्कार मंडळी, आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो, माझे आई-बाबा ऑगस्टमध्ये आलेत आणि थंडी वाढायच्या आत परत जाणारेत. मुलं दोन, मोठा ८ वर्षांचा आणि धाकटी ३ वर्षांची. ऑक्टोबर सुरू झाला की शाळेत सगळ्यांचं एकच चालू असतं, तुम्ही पम्पकिन पॅचला (भोपळ्याच्या शेतावर) गेलात का, त्यामुळे लेकाने कॅलेंडरवर आत्तापासूनच भोपळा काढून ठेवलाय.

गेल्या वर्षी आम्ही एका मोठ्या फार्मला गेलेलो (नाव लिहीत नाही). शनिवार दुपार. गाडी लावायलाच पाऊण तास, मग तिकिटाची लाईन, माणशी २२ डॉलर, आत गेल्यावर पोनी राइडचे वेगळे, फेस पेंटिंगचे वेगळे. हेही चाललं असतं, पण भोपळे कुठे होते तर कापलेल्या गवतावर ओळीने मांडून ठेवलेले, देठ आधीच छाटलेले, शेजारी रिकामे खोके. लेकाने विचारलं, आई याचा वेल कुठाय? मला काही उत्तर देता आलं नाही आणि ते मनाला लागून राहिलंय.

बाबांची जुन्नरकडे थोडी शेती होती, बांधावर भोपळ्याचे वेल असायचेच, त्यामुळे मला खूप वाटतंय की या वर्षी त्यांना अशा ठिकाणी न्यावं जिथे खरोखर वेलीवर भोपळा बघायला मिळेल आणि नातवंडांना ते स्वतः दाखवू शकतील. आईचे गुडघे दुखतात, फार चालता येत नाही, आणि ती बाहेरचं अंड्याचं खात नाही. तासाभराच्या ड्राइव्हमध्ये कुठे जाऊ? कधी जाऊ? आणि फार्मऐवजी नुसतं फार्मर्स मार्केटला नेलं तर मुलांना तेवढीच मजा येईल का? प्लीज ज्यांना अनुभव आहे त्यांनी लिहा.

---

मक्याचं_रान

पहिलं म्हणजे वार बदला. ऑक्टोबरचे चारही शनिवार-रविवार आणि दुसऱ्या सोमवारची कोलंबस डेची सुट्टी, एवढे दिवस सोडले तर तीच जागा वेगळीच वाटते. मंगळवार-बुधवारी दुपारी शाळा सुटल्यावर ४ वाजता जा, ऊन उतरलेलं असतं, गर्दी नसते आणि बऱ्याच ठिकाणी वीकडेचं तिकीट कमी असतं किंवा नसतंच. फक्त जायच्या आधी वेबसाइट बघा कारण काही फार्म आठवड्यातले चारच दिवस उघडे असतात.

दुसरं, फोन करून सरळ विचारा. मी दर वर्षी तीन गोष्टी विचारतो. भोपळे तुमच्याच शेतातले आहेत का, अजून वेलीला आहेत की तोडून ठेवलेत, आणि शेतापर्यंत चालत जायचं की ट्रॉलीने. शेवटचा प्रश्न आजी-आजोबा असतील तर फार महत्त्वाचा, कारण हेराइडच्या (ट्रॅक्टरमागे जोडलेल्या, पेंढा घातलेल्या) ट्रॉलीची पायरी गुडघ्याएवढी उंच असते आणि कठडा कधी असतो कधी नसतो. आमच्या आईला आम्ही दोघांनी धरून वर चढवलं, उतरताना मात्र तिला खूप त्रास झाला, त्या दिवसाची तिची सगळी मजा त्या एका पायरीत गेली. काही ठिकाणी मागून रॅम्प लावून देतात, पण तो मागावा लागतो, आपणहून कुणी सांगत नाही.

नावं हवी असतील तर मेपल पार्कचं काइपर्स तुम्हाला पाऊण तासावर पडेल, तिथे सफरचंदाची बागही आहे. होमर ग्लेनचं बेंगटसन्स तुमच्या धाकटीच्या वयाच्या मुलांसाठी छान, पण तिथे खेळणी आणि राइड्स हाच मुख्य भाग. स्प्रिंग ग्रोव्हचं रिचर्डसन म्हणजे २८ एकराचा कॉर्न मेझ (मक्यातला चक्रव्यूह), दर वर्षी नवीन चित्र कोरतात मक्यात, मोठ्याला प्रचंड आवडेल पण आईंना तिथे चालणं जमणार नाही, आणि नेपरव्हिलहून तास-सव्वातास जाईल.

पण तुम्हाला जे हवंय ना, वेल, ते मोठ्या नावांपेक्षा छोट्या रस्त्याकडेच्या शेतांवर जास्त मिळतं. नेपरव्हिलहून पश्चिमेला केन आणि डीकाल्ब काउंटीकडे निघालात की घरासमोर टेबल टाकून, पाटीवर हाताने 'पम्पकिन्स' लिहिलेली बरीच घरं दिसतात. काही ठिकाणी नुसता पैशाचा डबा ठेवलेला असतो, माणूसही नसतो. सुट्टे डॉलर जवळ ठेवा. आणि माणूस असला तर थांबा, बोला, बाबांची ओळख करून द्या. मी आजवर असा एकही शेतकरी पाहिला नाही जो दुसऱ्या शेतकऱ्याला शेत दाखवायला नाही म्हणेल.

---

आर्याची_आई

वरती सगळं बरोबर लिहिलंय, मी फक्त तीन वर्षांच्या मुलीबद्दल सांगते कारण माझीही आत्ताच त्यातून गेलीय.

शेळ्या, कोंबड्या, सशांचा जो पेटिंग झू असतो तिथून बाहेर आल्यावर साबण-पाण्याने हात धुवायलाच हवेत, सॅनिटायझर पुरत नाही. जनावरांच्या अंगावरून, कुंपणावरून ई कोलाय हा जंतू येऊ शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना आणि वयस्कर माणसांना त्याचा त्रास जास्त होतो, म्हणजे तुमच्याकडे दोन्ही वयाची माणसं आहेत. सिपर, चोखणी, खाऊचा डबा आत न्यायचाच नाही, स्ट्रोलरला अडकवून बाहेर ठेवायचा. मी हे घाबरवायला लिहीत नाहीये, शेळीला हाताने चारा घालताना माझ्या लेकीचा चेहरा जो फुलला होता तो मी कधी विसरणार नाही, फक्त हात धुवा एवढंच.

अॅपल सायडर (सफरचंदाचा न गाळलेला रस) पाश्चराइज्ड, म्हणजे तापवून जंतू मारलेलं, आहे का ते विचारून घ्या. बाटलीतलं असेल तर पाश्चराइज न केलेल्यावर तशी सूचना छापलेली असते, पण ग्लासात ओतून देतात तेव्हा काहीच कळत नाही. सायडर डोनटमध्ये बहुतेक अंडं असतं, त्यामुळे आईंसाठी ते नको. भाजलेलं मक्याचं कणीस मिळतं, लोणी लावून, ते त्यांना आवडेल. घरचा डबा न्यायचा तर आधी विचारा, बऱ्याच ठिकाणी बाहेरचं आत नेऊ देत नाहीत, आम्ही पार्किंगमध्ये डिकी उघडून दशम्या आणि चटणी खाल्ली होती आणि खरं सांगू, तेच सगळ्यात छान जेवण झालं.

बाथरूम बऱ्याच ठिकाणी पोर्टा-पॉटीच (प्लास्टिकचं तात्पुरतं संडास) असतं. आईंना ते जमत नसेल तर निघताना आणि वाटेत गॅस स्टेशनवर असं ठरवूनच निघा. पाऊस पडून गेला असेल तर दोन दिवस थांबा, इथली काळी माती बुटाला इतकी चिकटते की लहान मुलांचा पाय बुटातून बाहेर येतो आणि बूट तिथेच राहतो.

---

पिओरियाकर

केवड्याचं_पान, तुमच्या लेकाचा प्रश्न वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय. मी पिओरियाला ११ वर्षं आहे, म्हणजे मॉर्टन माझ्यापासून वीस मिनिटांवर, आणि मॉर्टन स्वतःला जगाची भोपळ्याची राजधानी म्हणवतं. अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या 'पम्पकिन पाय' या गोड पदार्थासाठी जो डब्यातला भोपळा विकला जातो त्यातला बहुतेक सगळा लिबीज कंपनीच्या इथल्या एकाच कारखान्यातून निघतो, आणि तो पिकतो इथल्याच आसपासच्या शेतांत. पण तो भोपळा केशरी नसतो! बाहेरून फिकट पिवळसर-बदामी, लांबट, आत गर्द केशरी गर, डिकिन्सन म्हणतात त्या जातीला. पहिल्यांदा शेतात पाहिला तेव्हा मी बायकोला म्हटलं अगं हा तर आपल्या मंडईतल्या डांगराचा भाऊ आहे, आणि खरोखरच दोघं एकाच प्रजातीचे आहेत, हॅलोवीनला कोरतात तो केशरी भोपळा वेगळ्या प्रजातीचा.

आता दुसरी बाजूही सांगतो, कारण बाहेरून आणलेले भोपळे दिसले की लोक चिडतात आणि मला त्यात शेतकऱ्यावर थोडा अन्याय वाटतो. इथे मेच्या शेवटी ते जूनच्या मध्यापर्यंत बी पेरतात, शंभर-एकशेदहा दिवस लागतात, आणि मधल्या काळात पाऊस जास्त झाला तर जमिनीतली बुरशी अख्खं शेत आठवड्यात सडवते. फायटोफ्थोरा नाव तिचं. एकदा ती आली की त्या जमिनीत काही वर्षं भोपळा, काकडी, मिरची लावता येत नाही म्हणून मका-सोयाबीन आलटून पालटून घ्यावं लागतं. २०१५ च्या जूनमध्ये इलिनॉयमध्ये इतका पाऊस झाला की पीक खूप घटलं आणि त्या वर्षी डब्यातल्या भोपळ्याचा तुटवडा पडेल अशा बातम्या देशभर आल्या. अशा वर्षी छोटा शेतकरी काय करणार, ऑक्टोबरचे चार-पाच आठवडे हीच त्याची कमाई, तर तो दुसऱ्या काउंटीतून भोपळे आणून मांडतो. विचारलं की सांगतातही, आमचे यंदा गेले म्हणून. लपवणारे वेगळे आणि हे वेगळे, एवढं मला म्हणायचंय.

आणि अजून एक, ऑक्टोबरमध्ये गेलात तर हिरवागार वेल बघायला मिळेल अशी आशा ठेवू नका. पानांवर भुरी येऊन ती सप्टेंबरमध्येच पांढरी पडतात, मग वाळतात, आणि पहिलं दव गोठलं की वेल काळा पडून जमिनीला चिकटतो. भोपळा तेवढा उरतो. वेल हिरवा, फुलं उमललेली असं बघायचं तर ऑगस्टमध्ये भल्या सकाळी जायला हवं, फुलं दुपारपर्यंत मिटतात. आत्ता जायचं असेल तर ऑक्टोबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा चांगला, म्हणजे वेल वाळलेला तरी जागेवर असतो.

वेळ असेल तर आमच्याकडे या, सव्वादोन तास आहे. तुमच्याकडून त्याहून थोडं लांब, पण वेगळ्या दिशेला, अमिश (जुन्या साध्या पद्धतीने राहणारा ख्रिस्ती पंथ) वस्तीजवळ आर्थर गाव आहे, तिथल्या ग्रेट पम्पकिन पॅचमध्ये भोपळ्याच्या कुळातल्या शेकडो जाती एकत्र बघायला मिळतात, निळसर, पांढऱ्या, चामखिळी असलेल्या, हंसाच्या मानेसारख्या. बाबांसारख्या माणसाला तिथे दिवस पुरणार नाही. पण तुमच्या आईंचे गुडघे बघता एका दिवसात जाऊन येऊन जास्त होईल.

---

झोका

मी थोडं वेगळं म्हणते. मोठ्या फार्मला नावं ठेवू नका एवढी. माझी मुलं १० आणि १२ ची झालीत आणि त्यांना त्या दहा वर्षांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं तर ती जमिनीत पुरलेली मोठी उड्या मारायची गादी आणि मक्याच्या चक्रव्यूहात बाबा हरवला होता ते. वेल वगैरे आपल्याला हवा असतो. दोन्ही करा, एक दिवस मुलांचा, एक दिवस आजोबांचा.

---

केवड्याचं_पान

सगळ्यांना खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर लिहिलंत. झोका, तुझं पटलं, लेकाला त्याच्या मित्राच्या फॅमिलीबरोबर मोठ्या फार्मला पाठवतेय आणि आम्ही सगळे मिळून बुधवारी छोट्या शेतावर जाणार असं ठरवलंय.

पिओरियाकर, तुमची पोस्ट मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवली. बुरशीचं ऐकून म्हणाले, आपल्याकडे काकडीला असंच व्हायचं, एका रात्रीत वेल बसायचा. मग बराच वेळ गप्प होते.

आता एक स्वयंपाकघरातला प्रश्न. आईला घारगे करायचेत, भोपळा इथला कुठला घेऊ? मागे एकदा मी कोरायचा राहिलेला मोठा केशरी भोपळा किसून घातला होता, नुसतं पाणी सुटलं, चव काही नाही, गूळ दुप्पट घालूनही पचकट लागत होते.

---

जात्यावरची_ओवी

बरोबरच आहे, तो कोरायचा भोपळा आकारासाठी आणि पातळ भिंतीसाठी वाढवलेला असतो, आत धागे आणि पाणी. विषारी वगैरे नाही, पण खाण्यात अर्थ नाही.

घारग्यांसाठी माझ्या हिशेबाने पहिला नंबर लाँग आयलंड चीज नावाचा भोपळा. चीजशी काही संबंध नाही, चपटा गोल, फिकट बदामी, चीजच्या चाकासारखा दिसतो म्हणून ते नाव. पिओरियाकर म्हणतायत त्या डिकिन्सनच्याच प्रजातीचा, गर घट्ट, गोड, आणि किसला की हाताला आपल्या भोपळ्यासारखाच लागतो. तो नाही मिळाला तर बटरनट, तोही त्याच प्रजातीचा आणि बाराही महिने मिळतो. भरीत करायचं असेल तर काबोचा घ्या, हिरव्या सालीचा जपानी, उकडल्यावर रताळ्यासारखा पिठूळ होतो, दही घालून फार छान लागतो, पण घारग्यांना तो कोरडा पडतो. शुगर पाय म्हणून छोटा केशरी मिळतो, तो कोरायच्यापेक्षा खूप बरा, तरी किसून पिळून घ्यावा लागतो. निळ्या-राखाडी सालीचा जॅराडेल दिसायला राजेशाही आणि आत पिवळाधमक, सांबारात घाला.

तुम्ही मार्केटचं विचारलं होतं. हे सगळे प्रकार फार्मपेक्षा फार्मर्स मार्केटमध्ये नावासकट मिळतात. शनिवारी सकाळी शिकागोत लिंकन पार्कला ग्रीन सिटी मार्केट असतं, तुमच्या नेपरव्हिललाही शनिवारचं असतं. मुलांना फार्मएवढी मजा येत नाही हे खरं, पण माझी एक युक्ती सांगते, प्रत्येक मुलाला ५ डॉलर द्यायचे आणि एक अशी भाजी निवडायला सांगायचं जी आपल्या घरी कधी आली नाही, आणि विकणाऱ्याला ती कशी शिजवायची ते स्वतः विचारायचं. माझा मुलगा बोलायला फार लाजायचा, त्या दुकानांसमोर तो बोलायला शिकला. आईंसाठीही मार्केट सोपं, सपाट रस्ता, बसायला बाकं, आणि दमल्या की गाडी जवळ.

एक फार महत्त्वाचं. त्या शोभेच्या छोट्या रंगीबेरंगी गोर्ड्स मिळतात ना, गाठी असलेल्या, पट्ट्यापट्ट्याच्या, त्या शिजवू नका. दुधी-दोडका कधी कडू निघतो तोच कडूपणा त्यात भरपूर असतो आणि त्याने खरंच पोट बिघडतं, उलट्या होतात. कुठलाही भोपळा चिरल्यावर चिमूटभर जिभेला लावून बघा, कडू लागला तर थुंका आणि सगळा टाका.

---

मक्याचं_रान

भोपळा निवडताना देठ बघा. देठ जाड, वाळलेला, कॉर्कसारखा झालेला हवा, हिरवा मऊ नको. सालीवर नख दाबा, ओरखडा उठला तर कच्चा. आणि देठाला धरून उचलू नका, मुलं हमखास तेच करतात, देठ तुटला की तिथूनच सडायला लागतो. घरी आणल्यावर पोर्चच्या सिमेंटवर थेट ठेवू नका, खाली पुठ्ठा टाका. न कापलेला कोरड्या थंड जागी दोन-तीन महिने राहतो. कोरलेला मात्र आठवडाभरच, म्हणून हॅलोवीनच्या दोन-तीन दिवस आधीच कोरा.

---

केवड्याचं_पान

जाऊन आलो! कालच. लिहायला बसलेय ते अजून हात भोपळ्याने केशरी आहेत.

केन काउंटीत पश्चिमेकडे जाताना एका घरासमोर पाटी दिसली, मागे चार-पाच एकराचं शेत, तिकीट नाही, काही नाही. साधारण सत्तरीचे एक आजोबा ट्रॅक्टरवरून उतरून आले. मी म्हटलं माझे वडील भारतात शेती करायचे, त्यांना वेल बघायचाय. त्यांनी बाबांकडे बघितलं, डोक्यावरची टोपी काढली, हात मिळवला आणि या म्हणून सरळ चालायलाच लागले, बाबा मागे, लेक मागे.

आईला त्यांनी गोठ्याच्या सावलीत पेंढ्याच्या गठ्ठ्यावर बसायला दिलं, तिथून सगळं शेत दिसत होतं. धाकटी आईजवळच थांबली. शेजारी एक अगडबंब भोपळा ठेवलेला, अटलांटिक जायंट जातीचा, धाकटीहून मोठा. त्यांनी सांगितलं ३१० पौंड भरला, आणि हा तर छोटाच, २०२३ ला मिनेसोटाच्या एका माणसाने २७४९ पौंडांचा आणला होता कॅलिफोर्नियातल्या हाफ मून बेच्या वजनकाट्यावर. (घरी येऊन नवऱ्याने शोधलं, २०२५ मध्ये इंग्लंडमधल्या जुळ्या भावांनी २८१९ पौंडांचा पिकवून तो विक्रमही मोडलाय.) आईने आकडे ऐकले आणि धाकटीला म्हणाली, बघ, म्हणजे म्हातारी यात आरामात बसली असती, आणि लेकीकडे गेलेल्या म्हातारीची सगळी गोष्ट तिथेच सुरू केली, वाघ-कोल्ह्यासकट. धाकटीने ती गोष्ट आधी दहा वेळा ऐकलीय पण काल पहिल्यांदाच ती उठून भोपळ्याला कान लावून आली.

तिकडे शेतात पिओरियाकर म्हणाले होते तस्संच होतं, पानं वाळून काड्या झालेल्या, वेल तपकिरी दोरीसारखे जमिनीवर, आणि मधेमधे भोपळे, काही अर्धे हिरवे. लेकाने सगळ्यात मोठा केशरी धरला. बाबा म्हणाले थांब. खाली उकिडवे बसले, एवढ्या दिवसांत मी त्यांना असं बसलेलं पाहिलं नव्हतं, आणि देठाजवळचा तो स्प्रिंगसारखा गुंडाळलेला बारीक दोरा असतो ना वेलीचा, तो दोन बोटांत धरून लेकाला दाखवला. हा हिरवा आहे म्हणजे वेल अजून भोपळ्याला पाजतोय, याला राहू दे. मग पुढच्या भोपळ्याचा दाखवला, तो वाळून कुरकुरीत झालेला, बोटात चुरा झाला. हा घे, याचं दूध सुटलं. मी ते इंग्लिशमध्ये सांगितलं तर ते आजोबा म्हणाले की त्यांच्या वडिलांनीही त्यांना हीच खूण शिकवली होती. ते आणि बाबा दोघं मग बराच वेळ एकमेकांना माती दाखवत होते, हातात घेऊन, दाबून, मी मधे भाषांतर करायचं थांबवलं तरी त्यांचं चालूच होतं.

लेकाने मग एकेका भोपळ्याचा तो दोरा तपासत शेताची तीन चक्करं मारली. शेवटी मध्यम आकाराचा एक निवडला, कैचीने देठ लांब ठेवून स्वतः कापला आणि दोन्ही हातांनी खालून धरून आईपर्यंत घेऊन आला, वाटेत एकदाही खाली ठेवला नाही.

लेकाच्या भोपळ्याचे ८ डॉलर, आणि लाँग आयलंड चीज त्यांच्याकडे होता(!!), त्याचे ५. आईसाठी वेगळे पैसे घ्यायला ते तयारच होईनात, तो बदामी भोपळा त्यांनी तिच्या मांडीवर ठेवला आणि शी'ज द कुक, राइट? एवढंच म्हणाले. शेवटी मी पाचची नोट डब्यात टाकलीच.

जात्यावरची_ओवी, घारगे अप्रतिम झाले, गूळ नेहमीपेक्षा कमीच लागला. रविवारी एक डबा त्यांना नेऊन देणार आहोत. बाबांनी बिया धुऊन, राखेऐवजी नुसत्या पेपरवर वाळत घातल्यात आणि लेकाने वहीत तारीख लिहून ठेवलीय, मेचा शेवटचा आठवडा, परसात लावायच्यात.

---

पिओरियाकर

वाचून डोळे भरून आले हो. त्या बियांचं एक लक्षात घ्या, त्या शेतात सगळ्या जाती शेजारीशेजारी असतील तर मधमाश्यांनी परागकण इकडचे तिकडे केलेले असतात, त्यामुळे पुढच्या वर्षी अगदी तसाच भोपळा येईल असं नाही. पण बदामी भोपळ्याची प्रजाती आणि केशरीची प्रजाती वेगळी, त्यांची आपसात सहसा जुळणी होत नाही, म्हणजे त्या शेतात बटरनटसारखा त्याच प्रजातीचा दुसरा भोपळा नसेल तर चीजच्या बिया बऱ्यापैकी शुद्ध निघतील. बाबांना सांगा, मादी फुलाखाली आधीपासूनच इवलासा भोपळा असतो हे ते लेकाला दाखवतीलच.

---

आर्याची_आई

किती सुंदर! आणि हॅलोवीननंतर तो कोरलेला भोपळा कचऱ्यात टाकू नका. स्कार्स नावाची तुमच्या ड्युपेज काउंटीतली संस्था २०१४ पासून हॅलोवीननंतरच्या शनिवारी पम्पकिन स्मॅश भरवते, मुलं भोपळे आपटून फोडतात आणि सगळ्याचं कंपोस्ट होतं. फक्त आतली मेणबत्ती, रंग, चिकटवलेले डोळे वगैरे आधी काढून न्या.

---

केवड्याचं_पान

हे माहीतच नव्हतं, लगेच कॅलेंडरवर लिहिते. लेकाला विचारलं तर म्हणाला केशरी भोपळा फोडायला चालेल, पण देठ मी आजोबांसाठी ठेवणार आहे. तो देठ आत्ता बाबांच्या औषधांच्या डब्याशेजारी ठेवलाय, वाळलेल्या दोऱ्यासकट.